तिच्यावर अत्याचार, गोष्ट मात्र त्याची

आडवाट

(रहस्यभेदाची सूचना: गेम ऑफ थ्रोन्स, हाउस ऑफ द ड्रॅगन, आउटलँडर, बफी, जेसिका जोन्स. विषय लैंगिक अत्याचाराचा आहे, आज वाचायची इच्छा नसेल तर खुशाल पुढे जा.)

फँटसी मालिकांमधल्या बलात्काराच्या प्रसंगांवर बोलणं निघालं की गाडी दर वेळी एकाच फाट्यावर अडते: दाखवावं की दाखवू नये. एक बाजू म्हणते, किळसवाणं आहे. दुसरी म्हणते, जग असंच असतं. यातून माझ्या हाती कधी काही लागलं नाही. मी आताशा एवढंच बघते की तो प्रसंग संपल्यावर पुढचा प्रसंग कोणाच्या वाट्याला येतो. जिच्यावर गुदरलं तिच्या, की ज्याने बघितलं, वाचवलं, सूड घेतला किंवा पश्चात्ताप केला, त्याच्या?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा (पुढे नुसतं गॉट) पाचवा सीझन, सहावा भाग, १७ मे २०१५. स्टार्क घराण्यातल्या सान्साचं क्रूर रॅम्सी बोल्टनशी लग्न लागतं. त्या रात्री तो तिच्यावर बलात्कार करतो आणि सान्साच्याच घरी वाढलेल्या, आता रॅम्सीचा गुलाम झालेल्या थिऑनला तिथेच उभं राहून बघायला लावतो. प्रसंग संपतो तो थिऑनच्या चेहऱ्यावर. आवाज तिचा, चेहरा त्याचा. मालिकेची बाजू घेणारे म्हणतात, बघा किती संयमाने केलंय, काही दाखवलंसुद्धा नाही. खरंय, नाही दाखवलं. पण प्रेक्षकाला त्या खोलीत बसवलं कोणाच्या दुःखात? थिऑनच्या. सीझनच्या शेवटी तोच तिला घेऊन तटावरून उडी मारतो. म्हणजे तिच्यावरचा अत्याचार हा त्याच्या प्रायश्चित्ताचा पहिला अंक.

गदारोळ खूप झाला. अमेरिकेच्या सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी आपण मालिका सोडल्याचं जाहीर केलं, 'द मेरी स्यू' या संकेतस्थळाने मालिकेची प्रसिद्धी करणं थांबवलं. सान्साला स्वतःला यावर काय म्हणायचंय ते शेवटच्या सीझनमध्ये कळलं. पूर्वी तिला राजधानीतून सोडवायला निघालेला योद्धा हाउंड तिला म्हणतो, तेव्हा माझ्याबरोबर आली असतीस तर यातलं काही झालं नसतं. त्यावर ती म्हणते, लिटलफिंगर (तिचं हे लग्न जुळवणारा कारस्थानी), रॅम्सी ही मंडळी नसती तर मी जन्मभर, तू म्हणायचास तशी, चिमणीच राहिले असते. घ्या! बलात्कार म्हणजे जणू व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर. बलात्कार हे पात्राला कणखर करायचं साधन नाही, असं अभिनेत्री जेसिका चॅस्टेनने तेव्हा उघडपणे सुनावलं होतं.

ब्रिएनचं उदाहरण मला याहून जास्त टोचतं, कारण तो भाग उत्तम लिहिलाय. तिसरा सीझन. तोवर खलनायक असलेला जेमी लॅनिस्टर आणि त्याला घेऊन निघालेली योद्धी ब्रिएन, दोघं बोल्टनच्या माणसांच्या तावडीत आहेत. ते तिला ओढून नेतात, जेमी थाप मारतो की हिचा बाप नीलमण्यांच्या राशी देईल, ती वाचते आणि थोड्याच वेळात जेमीचा हात तुटतो. तिथून जेमी माणसात येतो. मला जेमीचा तो सगळा प्रवास आवडतो. पण त्या झाडामागे ब्रिएनवर काय गुदरलं, आपण वाचलो आणि तेही ज्याला मनापासून तुच्छ लेखतो त्याच्या थापेमुळे, याचं तिला काय वाटलं, यावर तिला चार वाक्यं तरी मिळाली का? तिची भीती ही त्याच्या बदलाची किल्ली, एवढंच.

ही युक्ती जुनी आहे. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न' कॉमिकच्या ५४ व्या अंकात नायक घरी येतो तर प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेलं. १९९९ मध्ये लेखिका गेल सिमोन यांनी नायकाला पेटून उठता यावं म्हणून मारलेल्या, लुळ्या केलेल्या, बलात्कार झालेल्या कॉमिक्समधल्या बायकांची यादीच केली आणि तिला या फ्रिजचं नाव दिलं. टीव्हीवर बफीची गोष्ट तर अजबच. भयपटातली गल्लीत गाठून मारली जाणारी सोनेरी केसांची पोरगी उलटून हाणायला लागली तर, या कल्पनेवर ती मालिका उभी. तिच्याच सहाव्या सीझनमध्ये, २००२ साली, स्पाइक हा व्हँपायर बफीवर जबरदस्ती करू बघतो. आणि त्यानंतर प्रवासाला कोण निघतं? स्पाइक. आत्मा मिळवायला.

तुम्हाला काय वाटतं? आणि हे नीट हाताळलेलं कुठे बघितलंत?

पोटमाळा

+१. यात रॉझला धरा. कादंबऱ्यांत नसलेली, मालिकेने स्वतः घडवलेली वेश्या. अंगावर कपडे नसताना राजकारण समजावून सांगायचं काम तिच्याकडे. तिसऱ्या सीझनमध्ये राजा जॉफ्रीने तिला मारलं, ते दृश्यही नीट नाही: लिटलफिंगरचं एक भाषण चालू आहे आणि मध्येच पलंगाला बांधलेलं, बाण घुसलेलं तिचं प्रेत. जॉफ्री क्रूर आहे हे आपल्याला तोवर कळलं नव्हतं की काय!

तिरपागडा

लेख चांगला आहे, पण पटला नाही.

एक तर ही यादवी युद्धाची गोष्ट आहे. सैन्यं गावांवरून जातात तेव्हा बायकांचं काय होतं हे इतिहासात पानोपानी आहे. ते गाळलं तर युद्ध म्हणजे चकचकीत चिलखतं आणि भाषणं. दुसरं म्हणजे पुरुष काय मजेत आहेत का? सान्साचा बाप नेड, त्याचं मुंडकं उडालं, थिऑनला हालहाल करून नपुंसक केलं, तिच्या भावाला, रॉबला, लग्नाच्या मांडवात मारलं. तिसरं, सान्सा सहाव्या सीझनमध्ये लिटलफिंगरला समोर उभं करून विचारते की रॅम्सीने माझं काय केलं असेल असं तुला वाटतं, आणि ते अजून अंगात जाणवतं असं सांगते. पुढे रॅम्सीला त्याच्याच कुत्र्यांपुढे टाकते. तिला पुढचा प्रसंग मिळाला नाही असं कसं म्हणता?

आडवाट

तिरपागडा, लिटलफिंगरसमोरचा तो प्रसंग खरोखर चांगला आहे. पूर्ण मालिकेत या विषयावरचा बहुधा सगळ्यात चांगला. म्हणूनच आठव्या सीझनमधलं ते चिमणीचं वाक्य इतकं लागतं: ज्यांना तो प्रसंग लिहिता आला त्यांनीच शेवटी त्यावर बोळा फिरवला.

पुरुषांच्या हालांबद्दल. नेड मरतो तो स्वतःच्या निर्णयांमुळे. मुलींसाठी खोटा कबुलीजबाब देतो, त्याच्या मरणाला त्याच्या आयुष्याचा आकार आहे. थिऑनच्या छळावर सीझनभर वेळ खर्च केला, आणि त्याचं फळ थिऑनलाच मिळालं, दुसऱ्या कोणाला नाही. मी मागते ते एवढंच आहे.

इतिहासाचा मुद्दा राहिला. वास्तवाची एवढी चाड असेल तर नाइट्स वॉच, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणारी फौज बघा. फक्त पुरुष, त्यात शिक्षा म्हणून धाडलेले बलात्कारी, बायकांना बंदी, जन्मठेप. वास्तवात अशा जागी पोरसवदा भरती झालेल्यांचं काय होतं ते सांगायला नको. मालिकेत तिथे त्यातलं जवळपास काही नाही. म्हणजे वास्तव कुठे आणायचं आणि कुठे नाही हे कोणीतरी बसून ठरवलंय. ड्रॅगन आणि प्रेतांची फौज रचणाऱ्याला 'इतिहासात असंच होतं' ही सबब मिळत नाही हो.

अर्धविराम

नका बघू मग. टीव्हीला बटण असतं.

पोटमाळा

अर्धविराम, भाजी खारट झाली म्हटलं की 'जेवू नका' म्हणणाऱ्या आचाऱ्यासारखं झालं हे.

मूळसंहिता

कादंबऱ्या वाचलेल्या माणसाकडून थोडी भर, कारण यात पुस्तकांना फुकटचं निर्दोष ठरवलं जातं.

पुस्तकात रॅम्सीशी सान्साचं लग्न होतच नाही. होतं ते जेन पूल या तिच्या बालमैत्रिणीचं, तिला सान्साची बहीण आर्या म्हणून खपवलेलं असतं. मालिकाकारांना ते उपकथानक आवडलं होतं आणि प्रेक्षकाला जिच्याबद्दल काही वाटतं अशी मुलगी तिथे हवी होती, म्हणून सान्साला तिथे नेलं. पण पुस्तकातलं ते प्रकरणही थिऑनच्याच नजरेतून आहे आणि पडद्यावर आलं त्याहून भयंकर आहे. जेनला तर सान्साइतकाही आवाज नाही. तेव्हा आडवाट यांच्या कसोटीवर पुस्तकही नापास.

उलट डेनेरिस या परागंदा राजकन्येच्या लग्नाची रात्र. पुस्तकात तिचा नवरा, टोळीप्रमुख ड्रोगो तिच्या होकारासाठी थांबतो, मालिकेत थांबत नाही. (पुस्तकात ती १३ वर्षांची आहे, त्या होकाराला होकार म्हणायचं का, हा वेगळा धागा होईल. त्यानंतरच्या रात्री तर पुस्तकातही यातनांच्याच आहेत.) आणि गंमत अशी की दोन्हीकडे पुढे प्रेम जमतंच.

सगळ्यात विचित्र प्रकार चौथ्या सीझनमधला, जॉफ्रीच्या प्रेताशेजारी जेमी आणि त्याची जुळी बहीण व प्रेयसी, जॉफ्रीची आई सर्सी यांचा. पुस्तकात सर्सी आधी नको म्हणते, मग तीच त्याला जवळ घेते, अर्थात तेही जेमीच्या तोंडून. पडद्यावर ती शेवटपर्यंत नको म्हणताना दिसते. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स ग्रेव्ह्स मुलाखतीत म्हणाले की शेवटी शेवटी तिची संमती होते. म्हणजे आपण बलात्कार चित्रित केलाय हे करणाऱ्यांच्याच गावी नव्हतं. त्यामुळे पुढच्या भागांत त्याचा मागमूस नाही. जेमी चांगल्या माणसांच्या रांगेत पुन्हा जाऊन उभा. हेतू वाईट असल्यापेक्षा हे जास्त भीतिदायक वाटतं मला.

सांजवारा

मूळसंहिता, शेवटच्या परिच्छेदासाठी टाळ्या.

उपाय म्हणून 'बाई दिग्दर्शक घ्या' असं सर्रास सांगितलं जातं, म्हणून एक नोंद. गॉटच्या ७३ भागांपैकी बाईने दिग्दर्शित केलेले ४, चारही मिशेल मॅकलॅरन यांचे. आणि त्या चारांतच चौथ्या सीझनमधला तो भाग आहे, ज्यात मेलेल्या क्रॅस्टरच्या रानातल्या घरी नाइट्स वॉचमधला बंडखोर माणूस कवटीतून दारू पीत बडबडतोय आणि मागे बायकांवर अत्याचार चालू आहेत, भिंतीवरच्या चित्रासारखे. त्यातल्या बहुतेकींना नावंही नाहीत. संहिता तीच असेल तर खुर्चीत कोण बसलंय याने फार फरक पडत नाही. लिहिणाऱ्यांच्या खोलीत कोण बसतं, ते बघायला हवं.

सेटवर मात्र फरक पडलाय. गॉट दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीने 'द ड्यूस' या मालिकेच्या दुसऱ्या सीझनसाठी अलिशिया रोडिस यांना इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं आणि २०१८ मध्ये अशी दृश्यं असलेल्या सगळ्या मालिकांसाठी ती पद्धत लागू करत असल्याचं जाहीर केलं. मारामारीच्या दृश्याला स्टंट दिग्दर्शक असतो तसंच: कोण कुठे हात ठेवणार, काय झाकलेलं राहणार, हे आधी ठरतं, नटीला ऐनवेळी नाही म्हणायची लाज वाटत नाही. गॉट तोवर संपत आलं होतं. पहिल्या सीझनमधल्या नग्न दृश्यांचं दडपण किती होतं आणि ड्रोगो झालेल्या जेसन मोमोआने कसं सांभाळून घेतलं, हे डेनेरिस झालेल्या एमिलिया क्लार्कने २०१९ मध्ये सांगितलं. सहकलाकार भला निघाला म्हणून निभावलं, ही काय व्यवस्था झाली?

जुनाखांब

आडवाट ताई, थोडं अवांतर. तुमच्या कसोटीवर मी द्यूतसभा लावून बघत होतो. सभापर्वात प्रातिकामी बोलवायला येतो तेव्हा द्रौपदी त्यालाच प्रश्न देऊन परत पाठवते: आधी स्वतःला हरलात की मला? मग भर सभेत तोच प्रश्न. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, उत्तर देता येत नाही. म्हणजे विटंबना चालू असताना सभेतली सगळ्यात धारदार बुद्धी तिचीच, आणि नवऱ्यांना सोडवते तीही तीच. पण कोणालाही विचारा, आठवतं काय? न संपणारं वस्त्र आणि भीमाची प्रतिज्ञा. संहितेने दिलेला पुढचा प्रसंग प्रेक्षकही काढून घेतो, असं म्हणायला जागा आहे.

तिरपागडा

जुनाखांब, हा मुद्दा आवडला. आणि तो मालिकाकारांच्या बाजूनेही जातो बरं का. प्रेक्षक जर भीमच लक्षात ठेवणार असेल तर लेखकाने किती आटापिटा करायचा?

सर्सीचं काय मग? पाचव्या सीझनच्या शेवटी केस कापून, विवस्त्र करून तिला गावभर चालवतात. कॅमेरा तिला सोडत नाही, तिचा माज उतरताना, पाय रक्ताळताना आपण बरोबर चालतो. आधार खऱ्या घटनेचा: चौथ्या एडवर्डची प्रेयसी जेन शोर हिला १४८३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरून असंच प्रायश्चित्त म्हणून चालवलं होतं. पुढच्या सीझनमध्ये सर्सी सगळ्यांना देवळासकट उडवते. कृती तिची, सूड तिचा. हा प्रसंग पास की नापास?

आडवाट

पास. आणि तरीही मला तो बघवत नाही, कारण तो लांबलाय इतका की मध्येच कुठेतरी आपण तिच्या बाजूने चालायचं सोडून गर्दीत जाऊन उभे राहतो. कसोटीने सगळं मोजता येतं असा माझा दावा नाहीच.

कुंपणावरची

आउटलँडर कोणी काढलं नाही अजून? (कालप्रवास आहे, म्हणजे फँटसीच, वाद नको.) पहिल्या सीझनच्या शेवटच्या दोन भागांत, २०१५ मध्येच, ब्लॅक जॅक रँडल हा इंग्रज अधिकारी नायक जेमी फ्रेझरवर (गॉटमधला जेमी नव्हे) अत्याचार करतो. दिग्दर्शन अ‍ॅना फोर्स्टर यांचं. बघणं अशक्य आहे, पण शेवटचा भाग बराचसा 'नंतर'चा आहे: त्याची शरम, शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा त्याला आलेला तिटकारा, मरायची इच्छा, त्याची बायको क्लेअर हिचं झगडणं. पुढच्या सीझनमध्येही ते त्याला सोडत नाही.

मग लक्षात आलं की टीव्हीवर मी बघितलेला सगळ्यात सविस्तर, सगळ्यात आदराने हाताळलेला पीडित हा पुरुष आहे आणि तोही नायक. त्याच्या वाट्याला आतलं जग आपसूक आलं.

पुढे मात्र त्याच मालिकेने ही विहीर उपसून उपसून कोरडी केली. चौथ्या सीझनमध्ये त्यांची मुलगी ब्रियाना, पाचव्याच्या शेवटी क्लेअर. क्लेअरच्या वेळी तर मन शरीर सोडून पळतं आणि १९६० च्या दशकातल्या घरात सगळं कुटुंब जेवायला जमल्याची कल्पना करत राहतं. कल्पना सुरेख आहे, नाकारत नाही. पण तोवर मी सोफ्यावर बसून 'आता कोणाची पाळी' असा विचार करत होते. पीडितेला न्याय देणारा प्रसंगही चौथ्यांदा आला की सवयीचा होतो.

पोटमाळा

जेसिका जोन्स बघा, पहिला सीझन, तोही २०१५. (त्या वर्षाला झालं काय होतं!) किलग्रेव्ह हा खलनायक दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतो, जेसिकाला त्याने अशीच ठेवलेली असते. मालिका सुरू होते तेव्हा ते सगळं होऊन गेलंय. मालिकेच्या कर्त्या मेलिसा रोझेनबर्ग यांनी बलात्कार दाखवायचाच नाही असं ठरवलं होतं. दिसतं ते फक्त नंतरचं: दारू, झोप न लागणं, गल्ल्यांची नावं पुटपुटून स्वतःला ताळ्यावर आणणं. आणि तो वर तिला ऐकवतो की मी तुला उंची हॉटेलात ठेवलं होतं. फँटसीने काय करावं याचं हे उत्तर वाटतं मला. जादू वापरून संमतीचा प्रश्नच उलगडून दाखवला, चिलखतं घालायची गरज पडली नाही.

सांजवारा

गॉटवाल्यांनाही तेच उमगलं असावं. गॉटच्या आधीचा काळ सांगणाऱ्या हाउस ऑफ द ड्रॅगनच्या वेळी लेखिका-निर्माती सारा हेस यांनी आधीच सांगितलं होतं की लैंगिक अत्याचार पडद्यावर दाखवणार नाही, परिणाम दाखवू. आठव्या भागात डायना नावाची दासी राणी अ‍ॅलिसंटसमोर रडत उभी राहते, राणीचा मुलगा एगॉन, त्याने काय केलं ते सांगते. आपल्याला दिसतात ते फक्त दोन चेहरे. (पहिल्या भागातलं आधीची राणी एम्मा हिचं बाळंतपण मात्र आहेच. राजा मान डोलावतो, तिला कोणी विचारत नाही, पोट फाडतात. लैंगिक नाही म्हणून यादीत धरायचं नाही का?)

मूळसंहिता

एम्मा यादीत धरायचीच. पण डायनाचं बघा. अ‍ॅलिसंट तिला जवळ घेते, माझा तुझ्यावर विश्वास आहे म्हणते, मग बाहेर बोललीस तर लोक काय म्हणतील ते समजावते, पैसे देते, गर्भ राहू नये म्हणून काढा पाजते आणि वाटेला लावते. पुढचा प्रसंग? अ‍ॅलिसंट एगॉनला उठवून कानफटात मारते. आई-मुलाचा. त्या भागात डायनाचं काम तिथेच संपलं. ज्या प्रसंगाची सगळ्यांनी वाहवा केली तोही आडवाट यांच्या कसोटीवर नापास होतोय.

आडवाट

होतोच आहे, आणि मला वाटतं खरी रेघ इथे आहे. सान्सा, सर्सी, क्लेअर यांना उशिरा का होईना, काहीतरी मिळालं, कारण त्यांचं नाव श्रेयनामावलीत वर आहे. रॉझ, क्रॅस्टरच्या बायका, जेन पूल, डायना: दासी, वेश्या, गरीब, अनाथ. राणीच्या मनातली घालमेल दाखवायला दासीवरचा अत्याचार वापरायचा आणि दासीला मागच्या दाराने काढून द्यायचं. फरक एवढाच की पूर्वी हे नायकासाठी व्हायचं, आता नायिकेसाठीही होतं. अ‍ॅलिसंट जे डायनाला करते तेच मालिकाही करते. मालिकेला ते कळत असावं अशी मला दाट शंका आहे, कारण त्या मुलीच्या हातात नाणी पडतात तेव्हा कॅमेरा नको तितका वेळ तिच्यावर थांबतो.

तिरपागडा

कळून केलं असेल तर तो दोष की गुण?

मूळसंहिता

गुण, एकदा. दुसऱ्यांदा केलं की दोष.